स्वस्त घर, म्हातारीसकट

आमच्या घरमालकानं घर विकायला काढलंय, हे आम्हाला घरमालकाकडून कळलं नाही. एका सकाळी मी कॉफीचा कप घेऊन दारात उभा होतो, तेवढ्यात एक माणूस आला आणि अंगणातल्या लिंबाच्या झाडाशेजारी 'विकणे आहे' अशी पाटी ठोकायला लागला.

मी म्हणालो, "अहो, इथं माणसं राहतात."

"हो, मला सांगितलंय त्यांनी," तो म्हणाला. "म्हणून तर किंमत थोडी कमी धरलीये."

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या त्या घरात आमची कमावती वर्षं सगळी भाड्यानं गेली. मी, वॉरन टेटलो, विमा कंपनीच्या दावे विभागात होतो. लोकांवर संकट आलं की ते खरंच आलं आहे का, हे बघायचं माझं काम. बायको नोरीन दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची. म्हणजे आमच्या दोघांकडेही माणसं यायची ती तोंड वाकडं करूनच. निवृत्त झाल्यावर तरी शांतपणे लिंबं तोडावीत एवढीच आमची इच्छा होती. पण आता त्या झाडाचीही किंमत झाली होती. आणि त्याच शहरात दुसरं घर भाड्यानं घ्यायचं तर पेन्शन घरमालकाच्या हातात ठेवून आम्ही हवेवर जगायला हवं होतं.

"आपण देशातलं एखादं स्वस्त गाव नुसतं बघू या," मी म्हणालो.

'नुसतं बघू या' हे शब्द किती घातक आहेत याची मला तेव्हा कल्पना नव्हती. लग्नाआधी नोरीनला माझ्या मावशीनं असंच नुसतं बघितलं होतं.

मी कामाला लागलो. संगणकावर 'परवडणारी शहरं' असं शोधलं की माहितीचा पूर येतो. कुठे घरं स्वस्त, कुठे कर कमी, कुठे नव्यानं राहायला येणाऱ्याला गावच वर काहीतरी बक्षीस देणार. मी जेवताना हे सगळं नोरीनला वाचून दाखवायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बटाटे घे." गल्लीत बातमी फुटल्यावर मात्र सल्ल्यांची वाण राहिली नाही. शेजारचे त्रूओंग कुंपणावरून म्हणाले, "टेक्ससला जा. माझा चुलतभाऊ ह्यूस्टनला असतो. राजवाडा घेतलाय त्यानं, राजवाडा."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"उकडतं हो तिथं," ते म्हणाले आणि रोपांना पाणी घालायला लागले.

समोरची डेल्फीन म्हणाली, "आयडाहोला चुकूनही जाऊ नका. माझा भाऊ गेला होता. वर्षभरात परत आला."

"का?"

"त्याला विचारलं तर बोलतच नाही. यावरूनच काय ते समजा."

जी माणसं आयुष्यात कधी गल्लीबाहेर गेली नव्हती, तीच अख्ख्या देशाच्या नकाशावर इतक्या खात्रीनं बोट ठेवत होती. मी सगळं गंभीरपणे ऐकून घेत होतो. माणूस एकदा गाव सोडणार म्हटलं की त्याच्यावर सगळ्यांचा हक्क होतो.

नोरीननं एकदाच तोंड उघडलं. "तिथं आपल्याला ओळखतं कोण?"

"ओळख होईल की."

"वॉरन, या गल्लीत आपण जन्म काढला. त्रूओंगच्या बायकोचं नाव काय?"

"मिसेस त्रूओंग," मी म्हणालो. तिनं मला बटाटे वाढले.

शेवटी मी नेब्रास्कातल्या होबर्न नावाच्या गावाच्या कचेरीत फोन लावला. ट्वायला कुचेरा नावाच्या बाईनं उचलला. मी पाण्याचं विचारणार होतो, दवाखान्याचं विचारणार होतो, प्रश्न काढून ठेवले होते. पण प्रश्न तिनंच विचारले.

"ट्यूबा वाजवता येतो का हो तुम्हाला?"

"नाही."

"मिसेसना?"

"नाही, पण..."

"असू दे. बँडमधला आमचा ट्यूबावाला मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे डेन्व्हरला गेला. आगीच्या बंबावर स्वयंसेवक म्हणून याल?"

"माझी साठी उलटलीये."

"मग आमच्यातले तरुणच की तुम्ही! कधी येताय बघायला?"

आजवर कुठल्याही कचेरीत मला कुणी 'या' म्हटलं नव्हतं, सगळे 'नंतर या' म्हणायचे. मी विरघळलो.

उन्हाळ्यात आम्ही नुसतं बघायला गेलो. सगळीकडे मका, मध्ये धान्याची उंच कोठारं आणि त्यांच्या पायाशी होबर्न. ट्वायला गावाचं दप्तर दुपारपर्यंत सांभाळायची, दुपारनंतर घरांची दलाली करायची आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिनं आम्हाला एक पांढरं, दोन मजली, पुढे पडवी असलेलं लाकडी घर दाखवलं. सॅन होजेत तेवढ्या पैशात गाडी ठेवायची जागासुद्धा आली नसती. घराची मालकीण अल्बीना व्होन्द्राचेक ऐंशीच्या पुढची, ताठ, ॲप्रन बांधलेली. तिनं आम्हाला आधी टेबलाशी बसवलं आणि मध्ये आलूबुखाराचा मुरंबा भरलेले गोड पाव, कोलाचे, समोर ठेवले. घर मागाहून दाखवलं.

मी भिंती वाजवून बघत होतो. विमा कंपनीतला माणूस भिंत वाजवतोच, त्यातून त्याला काही कळत नसलं तरी. नोरीननं मात्र विचारलं, "तुम्ही का सोडताय हे घर?"

"मुलगी म्हणते," अल्बीनाबाई म्हणाल्या. "जॅनेल. तुमच्याच गावात असते. संगणकाच्या कंपनीत."

"अरे वा! म्हणजे आपण अदलाबदल करतोय," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो. त्या हसल्या नाहीत. नोरीनही हसली नाही. तिनं मला टेबलाखालून पाय मारला, पण मला वाटलं टेबल डुगडुगतंय, आणि मी टेबलाच्या पायाखाली कागद घालायला वाकलो.

परत आल्यावर सह्या झाल्या आणि बघता बघता ऑक्टोबर उजाडला. निघताना त्रूओंग यांनी बर्फात गाडी कशी चालवायची हे समजावून सांगितलं. त्यांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितला होता.

सामानाची गाडी होबर्नच्या घरासमोर थांबली तेव्हा खिडक्यांना पडदे होते. दोरीवर कपडे वाळत होते. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता.

"वॉरन, आपण चुकीच्या घरी आलोय," नोरीन म्हणाली.

दार उघडलं. अल्बीनाबाई ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या.

"आलात? लवकर आलात."

"आजचीच तारीख ठरली होती ना?"

"तारीख बरोबर आहे. माझंच ठरत नव्हतं. ते काल ठरलं. मी जात नाही."

मी नोरीनकडे बघितलं. सामानवाल्यांनी सोफा उचलला होता तो तसाच हातात धरून ते ऐकत उभे राहिले.

"पण अहो, घर आम्ही विकत..."

"घर तुमचंच आहे! मी कुठे नाही म्हणतेय? सह्या मी स्वतः केल्यात, चष्मा लावून. वरच्या खोल्या झाडून ठेवल्यात तुमच्यासाठी. सोफा मात्र जिन्यातून जाणार नाही. चला, आधी जेवून घ्या, निवतंय सगळं."

आग, पूर, चोरी, वीज, गारपीट, घरावर झाड पडणं, झाडावर घर पडणं, या सगळ्यांची कलमं मला तोंडपाठ होती. विकणारा घरातच राहिला, असं कलम मी कुठे वाचलं नव्हतं. म्हणून मी जेवलो. त्या भागात तिखट मांसाच्या रश्श्याबरोबर दालचिनीचा गोड पाव खातात. पहिल्या घासाला मला तो अपमान वाटला. तिसऱ्या घासाला मी दुसरा पाव मागितला. नोरीन म्हणते, आपण खटला तिथंच हरलो.

दुसऱ्या दिवशी मी नोरीनला म्हणालो, "आपण ठाम राहायचं. कायदा आपल्या बाजूनं आहे."

तेवढ्यात भोंगा वाजला. साधासुधा नाही, आभाळ फाटेल असा. टोर्नेडोचं वादळ आलं की असा भोंगा होतो, हे मी वाचलं होतं. मी नोरीनचा हात धरला, जिन्यावरून अल्बीनाबाईंना ओरडलो आणि सगळ्यांच्या आधी तळघरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसलो. बराच वेळ गेला. मग वरून अल्बीनाबाईंचा आवाज आला, "वॉरन, बारा वाजले म्हणून भोंगा झाला रे. रोज होतो. सूप घेणार का?"

एक वाजेपर्यंत अख्ख्या गावाला ते कळलं होतं. मी चौकातल्या कॅफेत गेलो तर खिडकीपाशी बसलेले म्हातारे एकदम गप्प झाले. त्यांच्यातला लायल नावाचा एक, अर्धं आयुष्य मका आणि उरलेलं दुसऱ्यांची चौकशी यात घालवलेला, खुर्ची वळवून म्हणाला, "तूच का तो कॅलिफोर्निया? म्हातारीसकट घर घेतलेला?"

"तात्पुरती व्यवस्था आहे ती," मी म्हणालो.

"असं? आमच्या हिलाही मी तात्पुरतीच म्हणालो होतो."

सगळे हसले. मी कॉफी प्यायलो आणि शक्य तितक्या ताठ मानेनं बाहेर आलो. पण त्या दारावर 'ओढा' लिहिलं होतं आणि मी ते ढकलत होतो.

मी शेजारच्या मोठ्या गावातल्या वकिलाकडे गेलो. त्यानं कागद बघितले. "खणखणीत आहेत," तो म्हणाला. "तुम्ही त्यांना कायद्यानं बाहेर काढू शकता. मी नोटीस काढून देतो."

"द्या."

"देतो. फक्त अल्बीना माझी मावशी लागते. तेव्हा नोटीस तुम्हीच नेऊन दिली तर बरं."

या मुलखात सल्ला देणारा प्रत्येक जण तिचा कुणी ना कुणी निघायचा. मी नोटीस घेतली नाही.

तोवर मी दुसऱ्याच जंजाळात अडकलो होतो. गाडी चालवायचा परवाना बदलायला गेलो, तर खिडकीतली बाई म्हणाली, तुम्ही इथं राहता याचा पुरावा आणा, विजेचं बिल चालेल. वीज कंपनीत गेलो, तर बिल अल्बीनाबाईंचे पती जोसेफ व्होन्द्राचेक यांच्या नावावर.

"नाव बदलायचं तर त्यांची सही लागेल," कारकून म्हणाला.

"ते वारलेत."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"बिल तर वेळेवर भरतायत."

मग मृत्यूचा दाखला हवा झाला. मी घरी येऊन अल्बीनाबाईंकडे मागितला.

"दाखला कशाला?" त्या म्हणाल्या. "सगळं गाव होतं की मातीला. कुणालाही विचार म्हणावं."

"त्यांना कागद लागतो."

"ते नाव मी काढणार नाही, वॉरन. दर महिन्याला त्यांच्या नावानं एवढं एकच पाकीट येतं."

मी परत गेलो आणि माझ्याच नावाचा वेगळा पुरावा शोधायला लागलो. कॅलिफोर्नियातलं घर सुटलं होतं, नेब्रास्कातल्या घरात मी राहत होतो पण राहतोय असं कुणी मानत नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर 'पुरावा अपुरा' असा शिक्का मी मारला. आता तो शिक्का मारायचा उरलाच तर माझ्या कपाळावर, असं झालं होतं.

नोरीनला यातलं काहीच वाटत नव्हतं. ती आणि अल्बीनाबाई संध्याकाळी पत्ते खेळायच्या. वरच्या खोलीत बसून मला खालून नोरीनचं हसणं ऐकू यायचं. असं हसणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं आणि ते माझ्यावर चाललंय की काय, या शंकेनं मला वाचनही सुचायचं नाही. चार आठवड्यांत तिला शेजारणींची नावं, त्यांच्या सुनांची नावं, कुणाची गुडघ्याची शस्त्रक्रिया कधी आहे, सगळं ठाऊक झालं.

एकदा मी तिला म्हणालोच, "आपण स्वतःचं घर घेतलं ते पाहुण्यासारखं राहायला का?"

"सॅन होजेत काय वेगळं होतं?" ती म्हणाली. "तिथं तर यजमानाचं तोंडही बघायला मिळायचं नाही."

डिसेंबरात बर्फ पडला. शेजारचा माणूस सकाळी उठून आमच्याही पायवाटेवरचा बर्फ काढायचा. ही गोष्ट माझ्या मानी स्वभावाला झोंबली. घर माझं, पायवाट माझी, तर बर्फही माझा. एका सकाळी मी त्याच्याआधी उठलो, नवंकोरं फावडं घेतलं आणि पहिला घाव घातला. फावडं पुढे गेलं. मी मागे गेलो. पाय कुठे गेला ते कळलं नाही, पण आवाज ऐकू आला.

नोरीन दुकानात गेलेली. मी पाठीवर पडून आभाळाकडे बघत होतो. ओरडावं असं वाटलं, पण समोरच्या खिडक्यांतून सगळं होबर्न बघेल म्हणून हळू आवाजात ओरडलो. माझ्या मागे दार उघडलं. अल्बीनाबाई आल्या, घाई न करता, एकेक पाऊल दाबून टाकत. त्यांनी जोसेफचा जुना कोट माझ्या अंगावर घातला, बादली उलटी केली आणि शेजारी बसल्या.

"हलू नकोस. मी हलले होते, म्हणून सांगते."

"तुम्हीही पडला होतात?"

"मागच्या हिवाळ्यात. इथंच, त्या खांबापाशी. टपालवाला येईपर्यंत पडून होते. म्हणून तर जॅनेलनं घर विकायला लावलं." त्यांनी कोट माझ्या गळ्यापर्यंत ओढला. "तिची चूक नाही. फोनवर रडली ती. लहानपणी सुद्धा रडायची नाही."

त्यांनी माझ्या मफलरची घडी नीट केली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गावात कोण कोण कुठे कुठे पडलं याची हकीकत सांगितली. माझा पाय दुखायचा थांबला नाही, पण एकटा पडलोय असं वाटणं थांबलं.

ॲम्ब्युलन्स ट्वायला चालवत होती. मागून लायल उतरला, स्वयंसेवकाचं जाकीट घालून.

"काय कॅलिफोर्निया, थंडी मानवली का?" असं म्हणत त्यानं मला उचललं, आणि लहान बाळाला उचलावं इतक्या अलगद उचललं. दवाखान्यापर्यंत त्यानं एकदाही टोमणा मारला नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

पाय प्लास्टरमध्ये घालून मी घरी आलो तर नवाच पेच. जिना चढणं अशक्य. अल्बीनाबाईंनी कुणाला न विचारता स्वतःची खालची खोली मला दिली आणि आपली उशी काखेत मारून वर गेल्या. दिवसातून कितीदा तरी त्या जिन्यावरून वरखाली करायच्या, मधूनच माझ्यासाठी सूप घेऊन यायच्या. नोरीन मागे लागायची, त्या ऐकायच्या नाहीत. नाताळच्या तोंडावर अशाच त्या सूप घेऊन येत होत्या आणि मी त्यांच्या पलंगावर, त्यांच्याच गोधडीत, गळ्याला रुमाल बांधून बसलो होतो, तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. अंगावर कोट, हातात बॅग, चेहरा अल्बीनाबाईंचाच, पण तरुण आणि संतापलेला.

"तुम्हीच का ते," ती म्हणाली, "ज्यांना घर गरम करायची भट्टी पेटवता येत नाही?"

हळूहळू उलगडा झाला. अल्बीनाबाईंनी मुलीला फोनवर सांगितलं होतं की घर घेणारी माणसं फार असहाय आहेत, तळघरातली भट्टी त्यांना जमत नाही, त्यांनी हातापाया पडून आपल्याला हिवाळाभर ठेवून घेतलंय. म्हणजे इतके दिवस जॅनेलच्या डोळ्यांसमोर आम्ही एका म्हाताऱ्या बाईला राबवणारे होतो, आणि आता तिनं प्रत्यक्षच बघितलं होतं.

"हे सगळं खोटं आहे," मी म्हणालो.

"भट्टी येते पेटवता?"

"ती... येत नाही. पण आम्ही हातापाया पडलो नव्हतो."

"आई, तू जिना चढतेस? याच्यासाठी? तुला पडायला नको म्हणून मी हे घर विकलं, आणि तू..."

"मी पडले नाही," अल्बीनाबाई म्हणाल्या. "हा पडला."

मग स्वयंपाकघरात मायलेकींचं जे काही झालं ते दार उघडं असल्यामुळे मला ऐकावंच लागलं. कान झाकून घ्यावेत तर एका हातात सूप होतं.

"तिकडे तुला वेगळी खोली आहे, आई. खिडकीतून डोंगर दिसतात."

"आणि तू किती वाजता येतेस घरी?"

"येते आठपर्यंत."

"म्हणजे आठपर्यंत मी डोंगर बघायचे."

"तू पडलीस तेव्हा मी विमानात बसून चार तास काय काय विचार केले, तुला माहितीये?" जॅनेलचा आवाज फाटला. "तू एकटी पडून होतीस, आई!"

अल्बीनाबाई हळू म्हणाल्या, "तिकडे मी तुझी आई असेन, बाळा. ते काही वाईट नाही. पण इथं मी अल्बीना आहे."

मी त्या पलंगावर बसून विचार करत होतो. मी देशभरच्या घरांचे भाव पाठ केले होते, पण होबर्नमधली घरं स्वस्त का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. या गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी दूर, माझ्या शहरासारख्या महाग शहरात राहत होतं. ट्यूबावाला डेन्व्हरला, जॅनेल सॅन होजेला. तिकडची दाटी आणि इकडची रिकामी जागा ही एकच गोष्ट होती. आणि मी त्या रिकाम्या जागेत शिरून, आपण किती हुशारीनं सौदा केला म्हणून भिंती वाजवत हिंडत होतो.

जॅनेल खोलीत आली. डोळे लाल होते. "मिस्टर टेटलो, मी आईला घेऊन जाते. तुम्हाला तुमचं घर मोकळं होईल. आधीच व्हायला हवं होतं."

ऑक्टोबरपासून मी हेच ऐकायला आसुसलो होतो. मी नोरीनकडे बघितलं. तिनं या वेळी पाय मारला नाही, माझा एक पाय प्लास्टरमध्ये होता. नुसती बघत राहिली.

"जॅनेल," मी म्हणालो, "हे घर माझं आहे."

"तेच म्हणतेय मी."

"मग यात कोण राहणार ते मी ठरवणार. तुमची आई इथंच राहील. खाली, याच खोलीत. माझा पाय बरा झाला की."

"आणि तोपर्यंत तिच्याकडे कोण बघणार?"

"मी," नोरीन म्हणाली.

"आणि तुमच्याकडे?" जॅनेलनं मला विचारलं.

सध्या माझ्याकडे तिची आईच बघत होती. ते मी बोलून दाखवलं नाही, पण जॅनेलला ते कळलं असावं, कारण इतक्या वेळात पहिल्यांदाच तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

बर्फानं रस्ते बंद झाले म्हणून ती ठरल्यापेक्षा जास्त राहिली. स्वयंपाकघराच्या टेबलावर संगणक मांडून काम करायची, आणि आई शेजारी बसून कणीक मळायची. तिनं मला भट्टी पेटवायला शिकवलं, म्हणजे मी जिन्याच्या तोंडाशी बसून खाली बघायचं आणि तिनं खालून ओरडून सांगायचं. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा लावून घेतला. पडलं तर मदतीसाठी दाबायचं बटण आईच्या गळ्यात अडकवलं, ते अल्बीनाबाईंनी दोन दिवसांत माझ्या गळ्यात घातलं. दवाखान्याचं बिल आलं, आणि त्या पाकिटावर माझं नाव आणि या घराचा पत्ता होता. पायाचं हाड मोडून मी अखेर नेब्रास्काचा रहिवासी झालो. परवान्याच्या खिडकीतली बाई म्हणाली, "बघा, किती सोपं होतं." लायल मला गाडीतून घेऊन गेला होता. त्यानं हे कॅफेत सांगितलं नाही, अशी माझी समजूत आहे आणि ती मी तशीच ठेवणार आहे.

रस्ते मोकळे झाले तेव्हा जॅनेल निघाली. बॅगा गाडीत गेल्या, मायलेकी पडवीत उभ्या राहिल्या.

"नक्की ना, आई?"

"नक्की."

"बरं," जॅनेल म्हणाली. "तुला हवं तसं." तिनं आईला मिठी मारली, माझ्याशी हात मिळवला, नोरीनच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गाडीत बसली.

अल्बीनाबाई जिंकल्या होत्या. त्यांचं घर त्यांच्याकडे राहिलं होतं, मुलीनं ऐकलं होतं, कॅलिफोर्नियाच्या माणसाला त्यांनी भट्टीसकट माणसाळवलं होतं. मला वाटलं आता त्या आत येऊन पत्ते काढतील. पण त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. गाडी कोठारांच्या मागे वळून दिसेनाशी झाली तरी उभ्याच. नोरीननं कॉफी आणून शेजारी ठेवली, ती तशीच निवाली.

"बाई, बसा ना," मी म्हणालो.

त्यांनी वळून बघितलं नाही. बाहेर रस्ता रिकामा होता.

"ऐकलं तिनं माझं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, माझ्याशी नाही आणि नोरीनशीही नाही, अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "पण थोडा आग्रह करायला हवा होता तिनं."